वायफाय गेलं नव्हतं, ड्रायव्हर मागे राहिला होता

लॅपटॉप अपडेट करून पुन्हा सुरू केला आणि वरच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह गायब. फुली मारलेलं नाही, करडं पडलेलं नाही, शोधत फिरणारंही नाही. चिन्हच नाही. सेटिंग्ज उघडल्या तर ब्लूटूथ होतं, वायरचं नेटवर्क होतं, व्हीपीएन होतं. वायफाय या नावाची ओळच नव्हती. या मशीनला असलं काही कधी नव्हतंच, असा एकंदर आविर्भाव.

मशीन लिनक्सवर चालतं. अपडेटमध्ये बऱ्याच पॅकेजांबरोबर नवा कर्नलही, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभाही, आला होता. दादाला फोनवर सांगितलं तर त्याचं उत्तर ठरलेलं: ‘फॉरमॅट मार आणि मोकळी हो.’ हा सल्ला मला कधीच पटत नाही. एक तर सगळी मांडामांड पुन्हा करायची. आणि त्याहून वाईट म्हणजे फॉरमॅट मारून वायफाय परत येण्याची शक्यता खरोखरच असते. इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवर बहुधा जुनाच कर्नल असतो, त्यावर सगळं सुरळीत चालतं, आपण खूश होतो, आणि पहिलं अपडेट घेतलं की पुन्हा तेच. इलाज झाल्यासारखा वाटतो आणि कारण मात्र जिथल्या तिथे राहतं.

म्हणून आधी नेमकं काय बिघडलंय ते बघायचं ठरवलं. ‘वायफाय चालत नाही’ या एका तक्रारीखाली किमान चार निरनिराळ्या भानगडी येतात आणि लोक त्यांचे उपाय सरसकट एकमेकांना सांगत असतात. वायफायचा पर्यायच दिसत नसेल, तर गडबड वायफाय कार्ड आणि कर्नल यांच्यामध्ये आहे. पर्याय दिसतो पण आसपासचं एकही नेटवर्क दिसत नाही, तर रेडिओ बंद आहे किंवा कार्डाचं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) चढलेलं नाही. नेटवर्क दिसतं पण जोडणी होत नाही, तर पासवर्ड किंवा सुरक्षेचा प्रकार तपासायचा. डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा प्रकारावर ठेवलेला राउटर आणि जुनं कार्ड यांचं पटत नाही, असं पुष्कळदा होतं. आणि जोडणी होते पण पान उघडत नाही, तर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक) किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय). यातही १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं, की राउटरने पत्ता दिलेला नाही, वाट बघून मशीनने स्वतःच एक घेतलाय. ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग (उत्तर येतं का आणि किती वेळात, हे बघणारा छोटा संदेश) जातोय पण नावाने कुठलीच साइट उघडत नाही, तर डीएनएस.

माझी तऱ्हा पहिली होती. त्यामुळे पासवर्ड पुन्हा टाकणं, नेटवर्क ‘विसरायला’ लावणं, डीएनएस बदलणं, हे सगळं एका फटक्यात बाद झालं. फोन त्याच राउटरवर व्यवस्थित चालत होता, म्हणजे राउटरही सुटला. राउटरच्या मागच्या त्या बारीक भोकात पिन खुपसून रीसेट करायचा सल्लाही हमखास मिळतो. त्याने राउटरमधली सगळी मांडणी पुसली जाते आणि घरातली इतर उपकरणंही बंद पडतात. ज्याच्यावर संशय नाही त्याला हात लावू नये.

इथे एक सांगते. पुढे येणाऱ्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पहिली आज्ञा ‘आरएफकिल लिस्ट’. मशीनमधले सगळे रेडिओ आणि ते अडवून ठेवलेत का, हे ती सांगते. अडवणूक दोन प्रकारची असते: ‘सॉफ्ट’ म्हणजे सॉफ्टवेअरने केलेली, आणि ‘हार्ड’ म्हणजे लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा फंक्शन की दाबून झालेली. विमानाचं चित्र असलेली की चुकून दाबली जाते आणि माणूस तासन्तास ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, शोधत बसतो, असं मी पाहिलेलं आहे. माझ्या यादीत मात्र एकटं ब्लूटूथ होतं. वायफाय अडवलेलं नव्हतं, यादीतच नव्हतं. जे यादीत नाही ते मोकळं तरी काय करणार?

पुढचं काही करायचं तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेटच तर गेलेलं. या कोंडीवर सगळ्यात सोपा तोडगा म्हणजे फोन आणि त्याची केबल. फोन लॅपटॉपला जोडायचा आणि सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लॅपटॉपला तो वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, कुठलाही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पुष्कळांना ठाऊक नसतं, की बहुतेक अँड्रॉइड फोन वायफायला जोडलेले असताना टेदरिंग केलं तर ते मोबाइल डेटा न वापरता तेच वायफाय पुढे पाठवतात. म्हणजे त्या वेळापुरता फोनच लॅपटॉपचं वायफाय कार्ड होतो. फक्त केबल डेटाची हवी. चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. तशी केबल लावली तर फोन चार्ज होत राहतो आणि टेदरिंगचा पर्याय करडाच दिसतो.

आता कार्ड जिवंत आहे का ते बघायचं. त्यासाठी ‘एलएसपीसीआय’, आणि तिच्यापुढे डॅश देऊन ‘एनएनके’. ही आज्ञा मला या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची वाटते. मशीनच्या पीसीआय बसवर, म्हणजे आतली कार्डं जोडणाऱ्या मार्गावर, जे जे काही बसवलेलं आहे, त्या प्रत्येकाचं नाव, चौकटी कंसात त्याचा क्रमांक, आणि खाली त्याला कुठला ड्रायव्हर लागलाय ते ती छापते. क्रमांक म्हणजे मध्ये विसर्गचिन्ह असलेली चार-चार अक्षरी जोडी. पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा, दुसरा त्या मॉडेलचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या जुन्या गाजलेल्या प्रोसेसरचं नाव उचललेलं; रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. उपाय शोधायचा तर लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधू नये, या जोडीवरून शोधावा. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं असणं अगदी नेहमीचं आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर काहीच होत नाही किंवा भलतंच होतं.

माझं कार्ड यादीत होतं. नाव बरोबर, क्रमांक बरोबर. म्हणजे हार्डवेअर जागेवर आहे, मशीनला दिसतंय. पण ज्या ठिकाणी ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ यायला हवी तिथे काहीच नव्हतं. वरच्या ग्राफिक्स कार्डाखाली ती ओळ होती, खालच्या एसएसडीखाली होती, मध्ये वायफायखालची जागा रिकामी. कार्ड आहे आणि त्याला चालवणारं कुणी नाही. झालं, दुखणं कुठल्या मजल्यावर आहे ते कळलं.

खात्रीसाठी एक चाचणी उरली होती, आणि कुणालाही ती मी सगळ्यात आधी करायला सांगेन. लिनक्समध्ये नवा कर्नल आला तरी जुना लगेच पुसला जात नाही. सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कुठला कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू काढायचा (कुठे शिफ्ट दाबून ठेवावं लागतं, कुठे एस्केप टिचकवावं लागतं), त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जायचं आणि आधीचा कर्नल निवडायचा. मी तो निवडला. वायफायचं चिन्ह आलं, नेटवर्क आपोआप जोडलं गेलं, पासवर्डही विचारला नाही. कार्ड ठीक, अँटेना ठीक, राउटर ठीक, पासवर्ड ठीक. वाद फक्त नवा कर्नल आणि माझा ड्रायव्हर या दोघांचा.

तो वाद का होतो, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. लिनक्समध्ये ड्रायव्हर म्हणजे कर्नलचाच एक भाग, मॉड्यूल. बहुतेक मॉड्यूलं कर्नलबरोबरच येतात. नवा कर्नल आला की त्याच्या मापाची नवी मॉड्यूलं त्याच्यासोबत. पण काही कार्डांचे ड्रायव्हर अजून कर्नलमध्ये सामील झालेले नसतात. ते बाहेरून, सुटे घ्यावे लागतात. असं सुटं मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच कर्नलवर चढतं. एकाच्या अंगाच्या मापाने शिवलेला सदरा दुसऱ्याला होत नाही, तसंच. आणि कर्नलच्या आतली रचना प्रत्येक आवृत्तीत थोडीफार बदलते. लिनक्स बनवणारे बाहेरच्या प्रोग्रॅमना शब्द देतात की तुमचं काही मोडणार नाही. आतल्या मॉड्यूलांना मात्र तसा शब्द ते मुद्दामच देत नाहीत. त्यामुळे आतली जुनी अडगळ त्यांना हवी तेव्हा साफ करता येते. भूमिका रास्त आहे. फक्त तिची किंमत माझ्यासारख्या सुट्या ड्रायव्हरवाल्यांच्या वाट्याला येते.

यावरची सोय म्हणजे डीकेएमएस. डेलमधल्या लिनक्सवर काम करणाऱ्यांनी २००३च्या सुमारास ती बनवली. सुट्या ड्रायव्हरचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) मशीनवर ठेवायचा आणि नवा कर्नल आला की त्याच्यासाठी ड्रायव्हर आपोआप नव्याने बांधायचा, एवढंच तिचं काम. माझा ड्रायव्हर डीकेएमएसमार्फतच बसवलेला होता. मग या वेळी बांधला का गेला नाही?

‘डीकेएमएस स्टेटस’ ही आज्ञा दिली. उत्तरात एकच ओळ आली: ड्रायव्हरचं नाव, जुन्या कर्नलचा क्रमांक आणि ‘इन्स्टॉल्ड’. नव्या कर्नलचा उल्लेखही नाही. म्हणजे बांधायला घेतला आणि बिघडला असंही नव्हतं, बांधायला घेतलाच नव्हता. अपडेटचा लॉग उघडून पाहिला. शेकडो ओळींच्या गर्दीत एक ओळ होती, की या कर्नलच्या हेडर फायली सापडल्या नाहीत, म्हणून पुढे जातोय. ना लाल अक्षरं, ना थांबून विचारणं. अपडेट ‘यशस्वी’ म्हणून संपलं होतं. ज्या ओळीमुळे पुन्हा सुरू केल्यावर इंटरनेट जाणार आहे, तिला इतर ओळींइतकंच महत्त्व द्यावं हे मला अजूनही पटत नाही.

हेडर म्हणजे कर्नलच्या आतल्या रचनेचा नकाशा. तो नसेल तर बाहेरचं मॉड्यूल बांधताच येत नाही. कर्नल आणि त्याचे हेडर ही दोन वेगळी पॅकेजं असतात. माझ्या मशीनवर पूर्वी त्या त्या क्रमांकाचे हेडर हाताने बसवलेले होते. त्याऐवजी जे ‘नेहमी ताज्या कर्नलचे हेडर घेऊन ये’ असं सांगणारं मुख्य पॅकेज असतं, ते नव्हतं. कर्नलचं तसलं मुख्य पॅकेज होतं. त्यामुळे अपडेटमध्ये कर्नल पुढे सरकला आणि हेडर जुन्याच क्रमांकावर बसून राहिले.

इथे एक खाचखळगा आहे. हेडर बसवण्याच्या बहुतेक सूचनांमध्ये पॅकेजच्या नावापुढे ‘यूनेम -आर’ जोडलेलं असतं. ही आज्ञा आत्ता चालू असलेल्या कर्नलचा क्रमांक देते. आपण वायफाय मिळावं म्हणून जुन्या कर्नलमध्ये बसलेलो असू, तर ती सूचना जशीच्या तशी चिकटवून जुन्याच कर्नलचे हेडर येतील, ‘आधीच बसवलेलं आहे’ असा निरोप मिळेल, आणि काहीही बदलणार नाही. नव्या कर्नलचा क्रमांक हाताने लिहायचा किंवा मुख्य पॅकेज बसवायचं. मी मुख्य पॅकेजच बसवलं, म्हणजे पुढच्या वेळची कटकट मिटली.

हेडर उतरले, डीकेएमएसने काम सुरू केलं आणि थोड्याच वेळात ‘एरर’ म्हणून थांबलं. आता निदान बांधायला घेतलं तरी होतं! पडद्यावर शेवटी आलं ‘एरर २’. या शेवटच्या ओळीला काडीचाही अर्थ नसतो. काहीतरी बिघडलं एवढंच ती सांगते. पण खाली मेक डॉट लॉग या फाईलचा पत्ता दिलेला असतो. ती फाईल उघडायची आणि वरून वाचायला लागायचं. लोक शेवटची ओळ उचलून शोधतात आणि निरनिराळ्या शेकडो कारणांची उत्तरं समोर येतात. पहिली चूक शोधावी. बाकीच्या तिच्यामागून आलेल्या असतात.

माझ्या फाईलमध्ये अगदी वरच एक इशारा होता: कर्नल ज्या कंपायलरने (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाने) बांधलाय तो आणि आत्ता वापरला जातोय तो, हे वेगळे आहेत. कर्नल जीसीसी या कंपायलरच्या १२व्या आवृत्तीने बांधलेला, मशीनवर जीसीसी ११. त्याच्या खालोखाल पहिली खरी चूक: ‘एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखता आला नाही. हा पर्याय व्हेरिएबलांना सुरुवातीलाच शून्य किंमत देऊन ठेवतो, म्हणजे स्मृतीतला जुना कचरा कुणाच्या हाती लागत नाही. सुरक्षेसाठी चांगली गोष्ट. जीसीसीमध्ये तो १२व्या आवृत्तीपासून आला. नव्या कर्नलच्या मांडणीत तो चालू होता, म्हणून त्याच्यासाठी बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलला तो लागू, आणि ११व्या आवृत्तीच्या कंपायलरने तो आयुष्यात कधी ऐकलेला नव्हता. ड्रायव्हरच्या सोर्स कोडमध्ये काही खोट नव्हती. जीसीसी १२ बसवला, ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ पुन्हा दिली, नव्या कर्नलचा क्रमांक तिच्यापुढे डॅश के देऊन जोडला, आणि या वेळी शेवटी ‘इन्स्टॉल्ड’ आलं.

याच्याही पुढे एक पायरी अनेकांना आडवी येते. मशीनमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. बांधलं जातं, जागेवर ठेवलं जातं, पण ‘मॉडप्रोब’ने चढवायला गेलं की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. त्यासाठी मशीनच्या मालकाची किल्ली, एमओके, नोंदवावी लागते. माझी ड्रायव्हर पहिल्यांदा बसवला तेव्हाच नोंदलेली असल्याने या वेळी अडलं नाही. पण तो निळा पडदा लक्षात राहिलाय. आधी सिस्टीम एक पासवर्ड ठरवायला सांगते, मग मशीन पुन्हा सुरू करायला. सुरू होताना एकदम निळ्या पार्श्वभूमीवर जुन्या धाटणीचा मजकूर येतो, की कुठलीही की दाबा, आणि दहापासून उलटी मोजणी सुरू होते. चहा आणायला उठलेला माणूस परत येईपर्यंत ती संपलेली असते. मशीन नेहमीसारखं सुरू होतं, नोंदणीची मागणी रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून. वेळेत की दाबली तर ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड. पासवर्ड या एका वेळेपुरताच असतो, म्हणून सोपा ठेवावा. विशेष चिन्हं टाळलेली बरी, कारण त्या पडद्याला आपल्या कीबोर्डची मांडणी माहीत नसते. काही जण यापेक्षा बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करतात. मी ते करत नाही. दहा सेकंदांच्या पडद्यासाठी कायमचं कुलूप काढून ठेवायचं कारण मला दिसत नाही.

नव्या कर्नलमध्ये मशीन सुरू केलं. चिन्ह आलं, नेटवर्क जोडलं गेलं. फोनची केबल काढून टाकली.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. वायफाय चालत होतं, वेगही बरा होता, आणि तरी कामात मध्येच अडखळायचं. थोडा वेळ काही न करता बसलं आणि मग दुव्यावर टिचकी मारली की पान पहिल्यांदा नुसतंच कोरं राहायचं, मग एकदम यायचं. व्हिडिओ सुरू झाला की पुढे निर्वेध. कधी कधी जोडणी तुटून आपोआप परत यायची. आधीपेक्षा हे जास्त वैतागवाणं, कारण दाखवायला जावं तर चालू.

राउटरला पिंग लावून ठेवला. मुद्दाम राउटरलाच, बाहेरच्या साइटला लावला तर मधल्या सगळ्या जगाचा उशीर त्यात मिसळतो आणि काहीच कळत नाही. आकडे बोलके होते. दोन मिलिसेकंद, तीन, दोन, मग अचानक शंभरच्या वर, पुन्हा तीन, मग दोनशेच्या आसपास. सिग्नल कमजोर असता तर आकडे सगळेच वर-खाली झाले असते. इथे एक तर उत्तर तत्काळ, नाही तर झोपेतून उठल्यासारखं. शेजारी दुसऱ्या खिडकीत ‘जर्नलसीटीएल’ने नेटवर्कमॅनेजर आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट या, वायफायची जोडणी सांभाळणाऱ्या दोन प्रोग्रॅमांचा लॉग चालू ठेवला. जोडणी तुटली तेव्हा तिथे ओळ उमटली: ‘डिस्कनेक्टेड’, कारण क्रमांक ४, आणि पुढे ‘लोकली जनरेटेड = १’. कारण ४ म्हणजे बराच वेळ हालचाल नाही. आणि त्या शेवटच्या शब्दांचा अर्थ असा, की राउटरने हाकललं नाही, आपलंच मशीन उठून गेलं.

परत जुन्या कर्नलमध्ये जाऊन बघितलं, तर तिथेही तसंच अडखळणं. म्हणजे या वेळी कर्नल निर्दोष. अपडेटमधलं दुसरंच काहीतरी. संशय वीजबचतीवर गेला. वायफाय राउटर ठरावीक वेळाने एक बीकन, म्हणजे ‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश, सोडतो, साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक. वीजबचत चालू असेल तर कार्ड दोन बीकनांच्या मध्ये रेडिओ बंद करून पडून राहतं. त्याच्यासाठी आलेलं राउटर तेवढ्यापुरतं सांभाळून ठेवतो आणि पुढच्या बीकनमध्ये ‘तुझं काही आलंय’ अशी खूण करतो. कार्ड ती वाचतं आणि उठून मागून घेतं. माझ्या पिंगचे शंभर आणि दोनशेचे आकडे नेमके एक बीकन आणि दोन बीकन यांच्या मापाचे होते. ड्रायव्हर या झोपण्या-उठण्यात जरा कच्चा असेल, तर त्याचा बीकनच हुकतो, आणि बरेच बीकन हुकले की राउटर गेला असं समजून तो स्वतःच जोडणी सोडतो. लॉगमधल्या ओळीचाही हिशेब जुळला.

‘आयडब्ल्यू’ आज्ञेने विचारलं तर वीजबचत ‘ऑन’. त्याच आज्ञेने तात्पुरती ‘ऑफ’ केली आणि शेजारच्या खिडकीतले आकडे तिथल्या तिथे खाली आले: दोन, दोन, तीन, दोन. या तपासात एवढं लख्ख उत्तर दुसरं कुठलं मिळालं नाही. तात्पुरता बदल पुन्हा सुरू केल्यावर पुसला जातो, ही त्याची मला आवडणारी बाजू आहे. अंदाज चुकीचा निघाला तर मागे काही राहत नाही.

नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये वीजबचतीची एक फाईल सापडली, तारीख अपडेटच्या दिवसाची. आत ‘वायफाय पॉवरसेव्ह = ३’. यातल्या आकड्यांची गंमत अशी, की ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. ० म्हणजे चालू-बंद काही न सांगता मूळ ठरलेलं, १ म्हणजे हातच लावू नको. ० लिहून ‘बंद केलं’ असं समजणारे पुष्कळ असतील. त्या फाईलला मी हात लावला नाही, पुढच्या अपडेटमध्ये ती पुन्हा बदलू शकते. त्याऐवजी त्याच फोल्डरमध्ये झेडझेडने सुरू होणाऱ्या नावाची स्वतःची फाईल ठेवली, तिच्यात तीच ओळ आणि किंमत २. फायली नावाच्या अक्षरक्रमाने वाचल्या जातात आणि नंतर वाचलेलं आधीच्यावर मात करतं. नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू केला आणि अडखळणं थांबलं. बॅटरी थोडी आधी उतरत असेल कदाचित. माझा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरलाच असतो.

विंडोजवाल्यांसाठी दोन शब्द, कारण अपडेटनंतर वायफाय रुसणं ही काही लिनक्सची मक्तेदारी नाही. तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं, ते जुन्या कर्नलवर जाण्याच्या चाचणीसारखंच काम करतं. त्याच चौकटीत वीजबचतीचा खुणेचा चौकोन असतो. ‘नेटवर्क रीसेट’ मात्र अगदी शेवटी; तो जपून ठेवलेले वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसतो. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं, त्यामुळे ‘शट डाउन’ केलं तरी कर्नलची अवस्था डिस्कवर राखून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. ड्रायव्हर अडकला असेल तर बंद-चालू करून सुटत नाही, ‘रीस्टार्ट’च करावं लागतं. आणि ‘नेटशेल’मधून ‘डब्ल्यूलॅन रिपोर्ट’ मागितला, तर गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी आणि तुटणी कारणासकट एका पानावर मिळते. ते पान न उघडता केलेले उपाय हे निव्वळ खडे मारणं आहे.

माझ्याकडे आता अपडेटनंतर पुन्हा सुरू करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ बघायची पद्धत पडली आहे. नव्या कर्नलच्या क्रमांकासमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं तरच रीस्टार्ट. जुने कर्नल झाडून काढणारी ‘ऑटोरिमूव्ह’सुद्धा नव्या कर्नलवर वायफाय जोडलं गेल्याचं बघूनच देते. हा सुटा ड्रायव्हर कायमचा ठेवायचा नाहीच. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत नवी कार्डं सामील होत असतात, आणि कुठली झाली ते मॉड्यूलांच्या फोल्डरमधल्या ‘मॉड्यूल्स डॉट अलियास’ या फाईलमध्ये त्याच क्रमांकाच्या जोडीने नोंदलेलं असतं. नवा कर्नल आला की त्या फाईलमध्ये माझ्या कार्डाचा क्रमांक शोधते. अजून तिथे सुट्या ड्रायव्हरचंच नाव येतं. कर्नलबरोबर आलेल्या मॉड्यूलचं आलं की सुटा काढून टाकायचा, आधी काढायचा आणि मगच पुन्हा सुरू करायचं, नाहीतर एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगायला येतात.